घोडदळ शेवटी नव्हे, आणि सगळे घोडे तपकिरी तर नव्हेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत टेबलावर छोट्या रंगवलेल्या आकृत्या मांडून खेळल्या जाणाऱ्या ऐतिहासिक युद्धखेळांवर लेख आला, त्याबद्दल आधी आभार. या छंदाला वर्तमानपत्रात सहसा जागा मिळत नाही, आणि मिळालीच तर ‘मोठ्या माणसांची खेळणी’ असा काहीतरी मथळा पडतो. तो आपण टाळलात. लेखातला पायदळाचा भाग उत्तम आहे, त्यात मला बोट ठेवायला जागा नाही. पण घोडदळाच्या वाट्याला एकच परिच्छेद आला आणि तेवढ्यात लेखकाने नवशिक्याला तीन सल्ले देऊन टाकले: घोडदळ सगळ्यात शेवटी घ्या, घोडे सरसकट तपकिरी फवारून मोकळे व्हा, आणि आकृत्या कापून-जोडून त्यांचे पवित्रे बदलण्याचं काम जाणकारांवर सोडा. तिन्ही सल्ल्यांनी वेळ वाचतो, यात शंका नाही. मात्र तिन्ही पाळल्यावर टेबलावर जे उभं राहतं त्याला घोडदळ म्हणवत नाही.

मी निवृत्त डेंटल टेक्निशियन आहे. दिवसा कवळ्या, ब्रिज आणि कॅपा केल्या, आणि रात्री त्याच हत्यारांनी २८ मिलिमीटर मापाचे (उभा माणूस साधारण एवढ्या उंचीचा) घोडेस्वार कोरले. आमच्या धंद्यात सुरुवातीलाच शिकवतात की कवळीतले सगळे दात एका उंचीचे, एका छटेचे आणि पट्टी लावल्यासारखे बसवले, की माणसाने तोंड उघडताक्षणी समोरच्याला कवळी कळते. म्हणून एखादा दात किंचित फिरवायचा, एखाद्याची छटा जराशी गडद घ्यायची. घोडेस्वारांच्या तुकडीचं अगदी तसंच आहे. खोक्यात बारा स्वार असतात आणि घोड्यांचे साचे बहुधा दोन-तीनच. पायदळात साच्याचा सारखेपणा खपून जातो, कारण कवायतीत शिपायाला शेजाऱ्यासारखं दिसायलाच शिकवलेलं असतं. घोड्याला ते कुणी शिकवलेलं नाही. बारा घोड्यांनी एकाच क्षणी उजवा पुढचा पाय उचललाय आणि बाराही माना तेवढ्याच कोनात वळल्यात, असं रणांगण कुणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

आधी पायांबद्दल. १८७८ मध्ये छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजने कॅलिफोर्नियात रांगेने कॅमेरे मांडून धावत्या घोडीची छायाचित्रं घेतली आणि चित्रकारांची पंचाईत करून ठेवली. तोवर भरधाव घोडा म्हणजे पुढचे दोन्ही पाय पुढे ताणलेले, मागचे दोन्ही मागे, अशीच रीत होती. फ्रेंच चित्रकार जेरिकोने १८२१ मध्ये काढलेल्या एप्समच्या डर्बी शर्यतीच्या चित्रात घोडे असेच गवतावरून तरंगत चाललेत. छायाचित्रांत दिसलं ते उलटंच. भरधाव घोड्याचे चारही पाय एका क्षणी हवेत असतात हे खरं, पण ते पसरलेले असताना नव्हे, पोटाखाली गोळा झालेले असताना. याला दीडशे वर्षं होत आली, तरी जुन्या साच्यांतून आणि काही नव्यांतूनही तो तरंगता घोडा निघतोच. मूर्तिकार घोडे पाहून कोरण्याऐवजी चित्रं पाहून कोरतात, हे माझं त्यावरचं निदान.

बरं, चाल अचूक असली तरी सगळेच भरधाव कशाला? घोडदळाचा लढाईतला बराचसा वेळ उभं राहण्यात जातो आणि उरलेल्यातला बराचसा कदम चालीत नाहीतर दुडकीत. २५ ऑक्टोबर १८५४ ला बालाक्लावाच्या दरीत शिरलेली ब्रिटिशांची लाइट ब्रिगेडसुद्धा आधी चालत निघाली, मग दुडकीवर आली. घोडे चौखूर सुटले ते पुढे. सुरुवातीपासूनच उधळले तर शत्रूपर्यंत पोचेतो घोडे दमतात आणि रांग मोडते, मग धडक ती काय बसणार! कदम चालीत घोडा एकेक पाय उचलतो, दुडकीत तिरप्या जोडीने, म्हणजे डावा पुढचा आणि उजवा मागचा एकदम. एवढं लक्षात ठेवलं की खोक्यातला कुठला घोडा कुठल्या चालीत आहे हे हातात घेताच कळतं, आणि चुकीच्या चालीतला घोडा कुठे कापायचा हेही.

आता त्या कापाकापीकडे वळतो, कारण तिचीच भीती लेखकाने सर्वांत जास्त घातली आहे. कडक प्लास्टिकचे घोडे बहुधा डावी आणि उजवी अशा दोन फाकांत येतात. काही संचांत एका घोड्याची डावी फाक दुसऱ्याच्या उजव्या फाकेला बसते. एवढ्या अदलाबदलीतून सुरीही न उचलता दोनाचे चार घोडे होतात. फाकांच्या मधली फट प्लास्टिकच्याच सिमेंटने भरून येते, कारण ते प्लास्टिकला चिकटवत नाही, विरघळवून एकजीव करतं. हे चिकटद्रव्य धातूच्या किंवा रेझिनच्या आकृतीला चालत नाही, तिथे सुपरग्लू हवा. आणि १/७२ मापातल्या मऊ प्लास्टिकला धड काहीच चिकटत नाही, तिथे सांध्यात टाचणी घालावी.

त्यापुढची पायरी मानेची. बारीक दातांच्या करवतीने मान छाटून फिरवावी असं बऱ्याच जणांना वाटतं. मी मान पूर्ण तोडत नाही. घोडा ज्या बाजूला बघायला हवा त्या बाजूने, खांद्यापासून थोडं वर, मानेत पाचर निघेल असा काप घेतो आणि पलीकडची कातडी म्हणावी एवढा पातळ पदर तसाच राखतो. गरम पाण्यात क्षणभर बुडवलं की प्लास्टिकचा तो पदर नरमतो, मान वळते आणि पाचरेची तोंडं मिटतात. बाहेरच्या बाजूला ताण पडून भेग उघडते, ती दोन भागांच्या इपॉक्सी पुट्टीने भरायची. पिवळी आणि निळी पट्टी मळून हिरवी होते ती. मळल्याबरोबर ती फार चिकट असते, थोडी थांबली की च्युइंगगमसारखी वागते, आणि आयाळ कोरायची वेळ हीच. हत्याराला पाण्याचं बोट लावायचं, नाहीतर पुट्टी घोड्याला सोडून हत्यारालाच बिलगते. मेण कोरायचं ल क्रॉन नावाचं आमचं दंतकामातलं हत्यार मूर्तिकारांनीही केव्हाच आपलंसं केलंय, आणि मला विचाराल तर घोड्याच्या आयाळीसाठी त्याच्या पानाच्या आकाराच्या टोकाला तोड नाही. बटा मानेकडून खाली ओढत न्यायच्या, शेवटी जरा वाऱ्याकडे उचलायच्या. सगळ्या बटा एका दिशेला गेल्या की कंगवा फिरवल्यासारखं दिसतं, म्हणून एक-दोन उलट पाडायच्या.

मान वळवली की लगाम तुटतो, हे सांगायला हवं. साच्यातला लगाम घोड्याच्या मानेला चिकटूनच कोरलेला असतो. तो खरवडून टाकावा आणि पातळ धातूच्या पत्र्याची पट्टी कापून नवा घालावा. खरा लगाम घोड्याच्या तोंडापासून स्वाराच्या डाव्या मुठीपर्यंत हवेतून जातो. एवढा एक हवेतला लगाम आला की बघणाऱ्याची नजर तिथे थांबते आणि बाकीच्या चार उणिवा झाकल्या जातात.

कान मात्र कुणीच करत नाही आणि सगळ्यात सोपे तेच. २८ मिलिमीटर मापात घोड्याचा कान जेमतेम तीन मिलिमीटरचा. साच्यात दोन्ही कान ताठ वर असतात, म्हणजे घोडा समोरचं काहीतरी उत्सुकतेने ऐकतोय. तोफांच्या धुरात शिरणारा घोडा असा दिसेल का? दोन-तीन घोड्यांचे कान कापून पुट्टीचे मागे पडलेले करा, एखाद्याचा एकच कान मागे फिरवा, स्वाराचं ऐकत असल्यासारखा. लगेच प्रत्येक जनावराला स्वतःचा स्वभाव येतो.

भालाईत असतील तर साच्यातला भाला टाकूनच द्यावा. तो जाड तरी असतो नाहीतर डब्यातून काढताना वाकतो. नेपोलियनच्या काळातला फ्रेंच भाला पावणेतीन मीटरच्या आसपास, म्हणजे या मापात साधारण पाच सेंटिमीटर. तेवढी पोलादी तार कापायची, स्वाराची मूठ बारीक ड्रिलने आरपार भोकायची आणि तार ओवायची. टोक ठोकून चपटं करा पण धार लावू नका; खेळताना सगळ्यांचे हात त्याच टेबलावर फिरतात. झेंडीसाठी पातळ कागद पांढऱ्या डिंकात भिजवून तारेभोवती दुमडायचा आणि ओला असतानाच लाट द्यायची. मायक्रोमोटर (हातात धरायचं छोटं फिरतं घासयंत्र) चालवताना किंवा कानसकाम करताना तोंडाला मास्क हवाच, विशेषतः रेझिनच्या आणि जुन्या शिसेमिश्रित आकृत्यांच्या वेळी. प्रयोगशाळेत आम्हाला धुळीची सवय होती, आणि ती सवय चांगली नव्हे.

पवित्रे झाले की दुसरं रूपांतर पलटणीचं. फ्रेंच क्विरासिए, म्हणजे पोलादी चिलखतवाले जड घोडेस्वार, बाजारात भरपूर. त्यांच्याच भाऊबंदांतल्या कॅराबिनिएंच्या फक्त दोन रेजिमेंट होत्या आणि त्या १८१० च्या सुमारास अस्वली टोप आणि निळा कोट सोडून पांढरा कोट, पितळी चिलखत आणि पितळी टोप अशा थाटात आल्या. क्विरासिएच्या टोपामागची घोड्याच्या केसांची शेपटी कापली, टोपाभोवतीची काळी केसाळ पट्टी तासून काढली, बाजूचा तुरा उडवला आणि माथ्यावर पुट्टीची जाड सुरवंटासारखी कलगी बसवली की कॅराबिनिए तयार. कलगी लाल. दोन-तीन मिलिमीटरच्या पुट्टीत आख्खी पलटण बदलते! हे काम जाणकारांवर सोडा म्हणणाऱ्याने बहुधा ते एकदाही करून पाहिलेलं नसावं.

आता रंग. सरसकट तपकिरी फवाऱ्याला माझा विरोध सौंदर्याच्या नावाखाली नाही, तो जनावराच्या शरीररचनेवरून आहे. कुमाईत घोड्याचं अंग लालसर तपकिरी, पण आयाळ, शेपटी, गुडघ्याखालचे पाय आणि कानांच्या कडा काळ्या. तांबड्या सुरंग घोड्याला काळी आयाळ नसते. त्याची आयाळ अंगाच्या रंगाची किंवा त्याहून फिकी. फवाऱ्याने हे दोन्ही एकच होतात आणि मग रंगवणारा सगळ्यांनाच काळी आयाळ काढतो. पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं असलेला, घोडा करायचा तर पायांच्या पांढऱ्या पट्ट्यांखालचे खूरही फिके हवेत, आणि नाकपुड्यांपर्यंत पांढरं उतरलं असेल तर तिथली त्वचा गुलाबी. उलट करड्या आणि वयाने पांढऱ्या झालेल्या घोड्याची कातडी खाली काळीच असते, म्हणून त्याचं नाक-तोंड काळसर राहतं. पांढऱ्या घोड्याला सर्रास गुलाबी नाक काढलेलं दिसतं, ते बहुतेक वेळा चुकीचं. आणि डोळ्यांत पांढरं भरू नये. शांत घोड्याच्या डोळ्याचं पांढरं सहसा दिसत नाही. गडद तपकिरी डोळा, वर चकचकीत वार्निशचा एक थेंब, बस.

घोडे पटापट आणि सुंदर रंगवायची युक्ती लेखात नाही याचं मला आश्चर्य वाटलं, कारण ती फवाऱ्याइतकीच आळशी आहे. घोडा आधी ॲक्रिलिकने उजळ नारिंगी-पिवळसर रंगवायचा, बघवत नाही इतका भडक. तो वाळला की त्यावर ट्यूबमधला तैलरंग चोपडायचा. सुरंगासाठी बर्न्ट सिएना, कुमाईतासाठी त्यात बर्न्ट अंबर. थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि मग मेकअपच्या स्पंजाने पुसायला लागायचं, स्नायू ज्या दिशेने जातात त्या दिशेने. घोड्याच्या मागच्या पुठ्ठ्यावरून, खांद्यावरून, बरगड्यांच्या फुगीर भागावरून रंग निघतो आणि खालचा उजेड वर येतो. मांडीच्या घळीत, मानेखाली, पोटाच्या आत तो साचून राहतो. ब्रशने तासभर घासून जी छाया मिळत नाही ती चार हात फिरवले की मिळते. जास्त पुसलं तर पुन्हा चोपडा, तैलरंग ओला असेतो घाई नाही. वाळायला मात्र त्याला काही दिवस द्यावे लागतात, आणि घाईने वार्निश मारलं तर सगळं फुकट. काळे पाय नंतर काढायचे आणि वरची कड ओल्या ब्रशने विरवायची, मोजा घातल्यासारखी रेघ दिसता कामा नये.

बारा घोड्यांत कुठले रंग घ्यायचे हे पलटणीवर ठरतं, आणि इतिहासाचा अभ्यास खरा इथे लागतो. नेपोलियनच्या गार्डचे, म्हणजे खास रक्षकदलाचे, घोडेस्वार ग्रेनेडियर काळ्या घोड्यांवर, ब्रिटिशांचे स्कॉट्स ग्रेज नावाप्रमाणे करड्यांवर. पण करड्यांतही एकच करडा नको. करडं शिंगरू जन्मतः गडद असतं आणि वर्षागणिक उजळत जातं, त्यामुळे वॉटर्लूच्या लढाईतल्या त्यांच्या रांगेत लोखंडी करड्यापासून ठिपकेदार सब्ज्यापर्यंत आणि तिथून जवळपास शुभ्रापर्यंत सगळ्या वयांचे घोडे असणारच. बऱ्याच सैन्यांत तुतारीवाला करड्यावर आणि बाकीचे गडद घोड्यांवर असत. धुरळ्यात सेनाधिकाऱ्याला तो चटकन सापडावा लागे. १८१३ चं फ्रेंच घोडदळ करत असाल तर मन मानेल तसे रंग मिसळा, कारण रशियाच्या स्वारीत घोडे इतके मेले होते की नेपोलियनला माणसं मिळत होती, जनावरं मिळत नव्हती. रशियाचे कोसॅक स्वार स्वतःचा घोडा घेऊन येत. आपले शिलेदारही स्वतःच्याच घोड्यावर येत, बारगिराला घोडा सरकारातून मिळे. म्हणजे शिलेदारांच्या पथकात एका रंगाचे बारा घोडे दाखवणं हा इतिहासाचाच विपर्यास. एखादा अबलख, म्हणजे अंगावर पांढरे पट्टे असलेला घोडाही चालेल. मात्र एकच, दोन अबलख आले की सगळी नजर तेच खातात.

घोड्यांच्या उंचीचं जाता जाता. सेनापती म्हणजे उंचच उंच पांढऱ्या घोड्यावर, असं आकृती विकणाऱ्यांनी ठरवून टाकलंय. नेपोलियनचा मारेंगो म्हणून ज्याचा सांगाडा लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे, तो करडा अरबी घोडा जेमतेम १४५ सेंटिमीटर उंचीचा. तेव्हा सम्राटाला चिलखतवाल्याच्या भल्यामोठ्या घोड्यावरून उतरवून हुसाराच्या, म्हणजे हलक्या घोडेस्वाराच्या, लहान घोड्यावर बसवा, हवं तर मोठा घोडा क्विरासिएला परत द्या.

लेखकाच्या बाजूचंही एक मान्य करतो. सहा मिलिमीटर मापात यातलं काहीही दिसत नाही. तिथे रंगांचे चार गट करा, तुकडीनिहाय वाटा आणि खेळायला बसा. कानांच्या नादी लागणारा तिथे वेळ घालवतोय. आणि रविवारी खेळ ठरलेला असेल नि शनिवारी रात्र झाली असेल तर मीही फवारा उचलेन. पण नवशिक्याने घोडदळ शेवटी घ्यावं, हे मला मुळीच पटत नाही. पायदळाच्या शिपायावर पट्टे, बटणं, झोळ्या आणि पिसं यांचीच गर्दी. ब्रशला मोकळं फिरायला जागा नाही. छटा एकमेकीत मिसळायला शिकायचं तर घोड्याच्या पुठ्ठ्याएवढी मोकळी जागा अख्ख्या सैन्यात दुसरी नाही. हात घोड्यावर बसतो आणि मग पट्टे-बटणं सोपी जातात. उलटा क्रम लावला तर शे-दीडशे बंदुकवाले रंगवून झाल्यावर माणूस कंटाळतो आणि घोडे खोक्यातच राहतात. अशी खोकी मी पुष्कळ घरी पाहिली आहेत.

लेखमाला पुढे चालणार असल्याचं आपण छापलं आहे. पुढच्या भागात घोडदळाला सविस्तर जागा द्यावी, आणि छायाचित्र समोरून न घेता बाजूने घ्यावं, म्हणजे पाय दिसतील.

आपला,
एक निवृत्त डेंटल टेक्निशियन

ता. क. लेखासोबतच्या चित्राखाली ‘फ्रेंच क्विरासिए’ असं छापलंय. ते कॅराबिनिए आहेत. दुरुस्ती छापाल तेव्हा रंगवणाऱ्याकडे बोट जाणार नाही असं पाहावं. त्याने पितळी चिलखत, पांढरा कोट आणि लाल कलगी बिनचूक केली आहे. चित्राखालची ओळ लिहिणाऱ्याने चित्र पाहिलेलं नाही.